मदत हवी आहे: ड्रायला (रिकाम्या पिस्तुलाच्या सरावाला) हात थांबतो, पेलेट (छर्रा) भरली की शॉट खाली-डावीकडे

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, 10 मीटर एअर पिस्तूल मारतो, उजव्या हाताने.

घरी भिंतीवर कोरा कागद लावून ड्राय करतो तेव्हा पुढची साइट (नेम धरायची नळीवरची खूण) जागची हलत नाही. रेंजवर समोर काळं वर्तुळ आलं की हात थांबायची वाट बघतो, थांबल्यासारखा वाटला की बोट ‘आत्ता!’ म्हणून ट्रिगर ओढतं. शॉट सात-आठ वाजताच्या दिशेला, कधी थेट सहावर. मधेच एखादा 10.6 गुणांचाही येतो, त्यामुळे साइटचे क्लिक (नेम सरकवायचे स्क्रू) फिरवायची हिंमत होत नाही.

ट्रिगर 500 ग्रॅमच्या वजनावर तपासलाय, नियमात आहे. पाण्याची बाटली धरून उभं राहा असं सांगणारे पुष्कळ भेटले, पण ड्रायला हात थांबतोच ना? मग काम खांद्यावर करू की बोटावर? शिवाय हा मे महिना. कूलर लावला की तळहात ओला, बंद केला की पारा पंचेचाळीसकडे.

प्रतिसाद १

काम बोटावरच करा. हात कोणाचाच पूर्ण थांबत नाही, ऑलिंपिकवाल्यांचाही नाही. दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं, त्यापुढे प्रत्येक रिंग 8 मिमी. दोन साइटमधलं अंतर 32 सेमी धरा. अख्खं पिस्तूल 1 मिमी सरकलं तर छिद्रही तेवढंच सरकतं. पण मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट 1 मिमी कलली, तर टार्गेटवर 31 मिमी, जवळपास चार रिंगा! तुमचे खाली-डावीकडचे शॉट इथून येतात. ट्रिगरला झटका दिला की बाकीची बोटंही आवळली जातात, मनगट पडतं आणि नळी खाली-डावीकडे जाते.

होल्ड (नेम धरायची जागा) काळ्याच्या खाली पांढऱ्यात ठेवा, डुलणं कमी खुपतं. हात खाली येतानाच ट्रिगरची पहिली स्टेज (सुरुवातीची हलकी ओढ) घ्या, जागेवर पोचताच दाब सुरू करा आणि वाढू द्या. डुलता डुलता सुटू दे. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्या. 60 शॉटला 75 मिनिटं असतात, घाई कशाची? नजर पुढच्या साइटवर, काळं धूसरच दिसायला हवं.

टार्गेट उलटं लावून कोऱ्या बाजूवर मारून बघा. ग्रुप (छिद्रांचा पुंजका) घट्ट आला तर काळं बघून बोट बिथरतंय. मग मित्राला सांगा, कधी पेलेट भर, कधी नको, आणि तुम्हाला कळू देऊ नको. रिकाम्या शॉटला साइट किती बुडते ते स्वतः दिसेल.

प्रतिसाद २

मीही नागपूरचीच. कूलरची हवा थेट हातावर घेऊच नका बाप्पा! शॉटच्या मधे पिस्तूल टेबलावर ठेवून सुती रुमालाने तळहात पुसा. ओली ग्रिप सरकेल म्हणून आपण नकळत आवळतो, आणि ते आवळणं ट्रिगरच्या बोटात उतरतं. जमलं तर सराव सकाळीच उरका.

धागाकर्ता

धन्यवाद दोघांनाही. उलटं टार्गेट या रविवारी करतो. ट्रिगरवर बोटाचं नेमकं काय टेकवायचं? माझं सांध्यापर्यंत आत जातं.

प्रतिसाद १

पहिल्या पेराचा मधला भाग. दाब सरळ मागे जायला हवा, बोटाची बाजू ग्रिपला घासता कामा नये. तुमचं फार आत जातंय, ट्रिगरचा शू (बोट टेकतं तो भाग) पुढे सरकवून बघा.