पदरमोड कोणाची?

‘रोझेनवाल्डने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना शाळा बांधून दिल्या’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ज्युलियस रोझेनवाल्ड म्हणजे ‘सीअर्स’ या अमेरिकन विक्री कंपनीचा शेठ. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून १९१२ मध्ये अलाबामात सहा शाळांपासून सुरुवात झाली आणि १९३२ पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेत जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. पण रोझेनवाल्डची अट होती: गावानेही वाटा उचलायचा. रोझेनवाल्डच्या निधीतून साधारण ४३ लाख डॉलर आले, तर कृष्णवर्णीय गावकऱ्यांच्या वर्गणीतून ४७ लाख! तीही बहुतेक कुळाने शेती करणारी माणसं. कुणी लाकूड दिलं, कुणी श्रमदान केलं, काही ठिकाणी शेताच्या एका तुकड्यात शाळेच्या नावाने कापूस पेरला. उरलेला पैसा मुख्यतः सरकारी, म्हणजे त्यात यांचा करही होताच. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजले म्हणायचे.

या शाळांत वीज नसायची, म्हणून इमारतींचे नकाशेच असे की पूर्व-पश्चिमेला उंच खिडक्यांची रांग. आजही पडक्या इमारती त्या खिडक्यांवरूनच ओळखू येतात.

आणि या शाळा ‘पोरं नसतील म्हणून बंद पडल्या’ असंही म्हणतात, ते तर बहुतेक ठिकाणी लागूच नाही. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालानंतर, खरं तर साठच्या दशकात, शाळा एकत्र करताना टाळं लागलं ते बहुधा कृष्णवर्णीयांच्याच शाळेला. मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली, त्यांच्या कितीतरी शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची मात्र नोकरीच गेली.