विषय: अमेरिकेची, मस्कतची, जर्मनीची यंत्रं गावच्या बोर्डाला लावताना

प्रेषक: न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

गणपतीला गुहागरला जाताना घरात कायमच्या ठेवायला काही वस्तू न्यायच्या आहेत. इन्स्टंट पॉट (सहा क्वार्टचा, मागे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १००० वॅट लिहिलंय), मोठा ब्लेंडर (१२० व्होल्ट, १४०० वॅट) आणि मायक्रोवेव्ह. नणंद मस्कतहून ३००० वॅटची केटल आणतेय, तीन चपट्या पिनांची. दिरांनी जर्मनीहून छोटा ओव्हन आधीच आणून ठेवलाय. घर जुनं आहे. स्वयंपाकघरात एकच बोर्ड, त्यावर दोन साधी पाच भोकांची सॉकेट आणि एक पॉवर पॉइंट (१६ अँपिअरचा). सगळ्या देशांच्या पिना बसतात असे ‘युनिव्हर्सल अडॅप्टर’ तीन-चार घेतले तर भागेल ना?

प्रेषक: रत्नागिरी (वायरिंगवाले)

ताई, अडॅप्टरने फक्त पिनेचा आकार बदलतो, बोर्डातून येणारे २३० व्होल्ट तसेच आत जातात. पिना बघायच्या सगळ्यात शेवटी. आधी यंत्राच्या बुडाचं लेबल वाचा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं असेल तर नुसती पिन बदलून चालतं. पण असं लेबल बहुधा मोबाइलच्या, लॅपटॉपच्या चार्जरवर सापडतं. तापणाऱ्या आणि दळणाऱ्या वस्तूंवर क्वचितच.

तुमचा पॉट १२० व्होल्टचा. तापणाऱ्या तारेला जवळपास दुप्पट व्होल्टेज दिलं की वॅट दुप्पट होत नाहीत, चौपटीच्या जवळ जातात. १००० वॅटचा पॉट २३० वर साडेतीन हजारांच्या वर, सोळा अँपिअर ओढायला बघेल. प्रत्यक्षात तेवढा वेळ तो टिकतच नाही, आतलं सर्किट आधी जातं. ब्लेंडरची मोटर ब्रशवाली असते. ती बेफाम फिरते, ब्रशपाशी निळ्या ठिणग्या दिसतात, मग वाइंडिंगचा वास येतो. वास आल्यावर बटण बंद करून उपयोग नसतो.

आता ट्रान्सफॉर्मर. २३० चे ११५ करणारा स्टेप-डाउन मिळतो, त्याचा आकडा व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतो. तापणाऱ्या वस्तूला वॅटच्या सव्वा ते दीडपट घ्यायचा, मोटरला दुप्पट तरी, कारण मोटर सुरू होताना झटक्यात जास्त ओढते. म्हणजे पॉटला १५०० व्हीए, ब्लेंडरला ३००० व्हीए. ३००० चा डबा एकट्याने ओट्यावर उचलवत नाही, शिवाय किंमत बघितलीत तर त्या पैशांत इथला मिक्सर येईल. माझं मत विचाराल तर ब्लेंडर तिकडेच राहू द्या. मोदकाच्या उकडीला त्याचा उपयोग नाही आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण इथला ७५० वॅटचा मिक्सर जास्त चांगलं करतो.

प्रवासी सामानात मिळणारा हातात मावणारा, ‘१६०० वॅट’ छापलेला हलका कन्व्हर्टर मात्र कुणी घेऊ नका. तो व्होल्टेज खाली आणत नाही, विजेची लाट कापून देतो. साध्या इस्त्रीला, हेअर ड्रायरला थोडा वेळ चालतं. पॉटसारख्या, आत इलेक्ट्रॉनिक पाटी असलेल्या वस्तूला तो मारतो.

मायक्रोवेव्ह आणूच नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेच्या लाटा सेकंदाला किती, ते) बदलत नाही. नेहमीच्या मायक्रोवेव्हच्या आत स्वतःचा एक जड ट्रान्सफॉर्मर असतो, तो ६० साठी बांधलेला असला तर ५० वर तापतो आणि कधीतरी जळतो. काही यंत्रांची घड्याळं हर्ट्झ मोजून चालतात. ती इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतात, टायमरसुद्धा तेवढाच लांबतो.

प्रेषक: न्यू जर्सी

दादा, आभार. मग पॉटपुरता १५०० व्हीए घेते. तो साध्या सॉकेटला चालेल की पॉवर पॉइंटच हवा?

प्रेषक: रत्नागिरी (वायरिंगवाले)

पॉवर पॉइंट. १००० वॅट म्हणजे २३० वर साडेचार अँपिअरच, हिशेबाने सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला बसतं. पण ट्रान्सफॉर्मर चालू करण्याच्या क्षणी मोठा झटका ओढतो आणि ‘बी’ प्रकारची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) त्यावर पडते. वारंवार पडत असेल तर वायरमनकडून ‘सी’ प्रकारची बसवून घ्या, अँपिअर तेवढेच ठेवून. एमसीबी पडते म्हणून १६ ची ३२ करून द्यायला कुणी तयार झाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरं, इथे मिळणारे बरेच स्टेप-डाउन ऑटो पद्धतीचे असतात, म्हणजे आत एकच वाइंडिंग. बोर्डात फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची) उलटे जोडलेले असले तर अशा ट्रान्सफॉर्मरच्या ११५ च्या बाजूची जी पिन न्यूट्रल समजायची, तिच्यावर जमिनीच्या हिशेबाने पूर्ण २३० येतात. यंत्र चालतं, त्यामुळे कळत नाही. म्हणून आधी टेस्टर लावा: सॉकेटकडे तोंड करून, मोठं अर्थचं भोक वर असताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. जुन्या घरांत दहापैकी किती बोर्ड उलटे असतात ते सांगत नाही, तुम्ही घाबराल.

तिसरं, हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे स्टॅबिलायझर नव्हे. गावाच्या टोकाच्या लाइनवर संध्याकाळी १९० आले की पॉटला ९५ मिळतात. भात शिजायला वेळ लागेल, बाकी काही नाही. उलट न्यूट्रल तुटला, वादळानंतर असं होतं, तर घरात तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात आणि पॉटला दीडशेच्या वर. बल्ब भगभगीत पेटला की हात आधी मेन स्विचकडे.

प्रेषक: मस्कत

नमस्कार. केटलबद्दल मी लिहिते, कारण आखातातून सगळ्यात जास्त तीच येते.

ओमान, अमिराती, बहारीन, कतार, कुवेत इथे २३०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेजचा प्रश्नच नाही. सौदीत आता २३० असलं तरी ६० हर्ट्झ आहेत, आणि जुन्या घरांतली काही यंत्रं १२७ व्होल्टची असतात. जेद्दा-रियाधहून काही आणताना लेबल नीट वाचावं.

आपल्या ब्रिटिश पिनेच्या आत फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. गावचा टॉप (तीन पिनांचा प्लग) लावायला ती पिन कापली की तो गेला. १३ चा असेल तर हरकत नाही, कारण पलीकडे १६ ची एमसीबी आहे आणि केटलची वायर जाड असते. पण ३ चा फ्यूज असलेल्या बारीक वायरच्या वस्तूची, हँड मिक्सर वगैरेची, पिन कापू नये. तिथे तो फ्यूजच त्या वायरला सांभाळतो. तिला चांगला, अर्थ असलेला अडॅप्टर लावावा.

३००० वॅट म्हणजे १३ अँपिअर. बाजारातल्या त्या सर्व-देशी अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ६ किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि बऱ्याच जणांत अर्थची पट्टीच नसते. केटलला तो लावला की प्लास्टिक मऊ होऊन पिवळं पडतं. केटलला १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉपच हवा, आयएसआय मार्कचा.

टॉप बदलण्याचं थोडं सांगते. वायर कापल्यावर आत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. अर्थची वायर इतर दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवायची, म्हणजे कधी हिसका बसला तर ती सगळ्यांत शेवटी निसटेल. तारांची टोकं पिळून स्क्रूखाली घ्यायची, सोल्डर लावायचं नाही. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो आणि तिथे जळतं. वायरचं वरचं आवरण टॉपच्या पट्टीखाली आलंच पाहिजे, नुसत्या आतल्या तारा पट्टीखाली धरायच्या नाहीत. कापलेल्या जुन्या पिनेच्या पिना वाकवून फेकायच्या. पोरांनी ती उचलून कुठल्या ब्रिटिश सॉकेटला लावली तर कापलेल्या टोकाला करंट येतो.

प्रेषक: रत्नागिरी (वायरिंगवाले)

वहिनींनी छान लिहिलंय. एकच भर, अमेरिकेच्या वस्तूसाठी. त्यांच्या वायरचे रंग वेगळे: काळी फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्याकडे जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल. गावचा वायरमन सवयीने काळी न्यूट्रलला लावणार. रंगावर जाऊ नका, मीटर लावून कुठली वायर कुठल्या पिनेला जाते ते बघून जोडा. पॉटची वायर मात्र सुटी निघते, ती कापायची वेळ येऊ नये. ट्रान्सफॉर्मरला अमेरिकन भोकांचं सॉकेट असलेलाच घ्या.

आणि सुटी वायर म्हणून कॉम्प्युटरची उचलू नका. भोकं जुळतात, पण ती बरेचदा बारीक असते, तापणाऱ्या वस्तूखाली गरम होते.

प्रेषक: न्यू जर्सी

जर्मन ओव्हन राहिला. दीर म्हणतात त्याची गोल दोन पिनांची पिन आपल्या साध्या सॉकेटमध्ये सरळ बसते, गेल्या वर्षी केकही केला. मग त्याला काही नको?

प्रेषक: रत्नागिरी (वायरिंगवाले)

ताई, ह्या सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त भीती ह्याच वस्तूची वाटते, कारण ती बसते.

जर्मन पिनेच्या दोन दांड्यांमधलं अंतर आपल्या ६ अँपिअरच्या भोकांएवढंच आहे, १९ मिलिमीटर. दांडी मात्र ४.८ मिमी जाड, आपली ५.१. म्हणजे आत जाते, पण पकड ढिली. ओव्हनसारखा सात-आठ अँपिअरचा भार ढिल्या पकडीवर चालला की भोक करपतं. त्याहून वाईट म्हणजे त्या पिनेचा अर्थ दांडीत नसतो, कडेच्या दोन खाचांतल्या पत्र्यात असतो. आपल्या सॉकेटमध्ये त्या पत्र्याला काहीच टेकत नाही. ओव्हनचा लोखंडी डबा अर्थशिवाय चालू आहे. केक झाला, ठीक. आतल्या तारेचा कोट फाटेल त्या दिवशी डबा जिवंत होईल. त्याची पिन कापून १६ चा टॉप लावा, मस्कतच्या पद्धतीने. त्याच घरातल्या हँड ब्लेंडरला, ज्याच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे, अर्थची गरज नाही. त्याला दोनच पिना चालतात.

पण टॉप लावून अर्थ मिळतोच असं समजू नका. सॉकेटमधली वायर अंगणातल्या खड्ड्यापर्यंत जाते का, आणि खड्डा जमिनीला लागतो का, हे वेगळं. कोकणात जांभ्याच्या पठारावर अर्थिंग हा कायमचा घोळ आहे. पावसाळ्यात उत्तम, एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा पडला की रेझिस्टन्स कितीतरी वाढतो. खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर आणि वर फनेल असायला हवं. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं. नुसती दोन फुटांची सळई ठोकून वायर गुंडाळलेली असेल तर ते अर्थिंग नव्हे.

हिशेब बघा. अर्थचा रेझिस्टन्स समजा १० ओहम. डब्यात फेज आली तर २३ अँपिअर जातील. १६ ची एमसीबी ताबडतोब पडायला ऐंशी तरी हवेत. ती मिनिटानुमिनिटं पडणार नाही आणि तोवर डबा जिवंतच राहणार. म्हणून मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. तिला तीन शतांश अँपिअर गळती पुरते, त्यामुळे अर्थ जरा कमजोर असला तरी ती तोडते. ट्रान्सफॉर्मर, टॉप, अडॅप्टर हे सगळं नंतर. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आरसीसीबी.

अर्थ तपासायला मल्टिमीटर पुरत नाही. फेज ते अर्थ २३० दाखवतो आणि अर्थ निकामी असू शकतो, कारण मीटर करंटच ओढत नाही. वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्या. फेज-अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघतात, त्यात एक धोका आहे: अर्थ तुटलेला असेल तर त्या वेळात घरातल्या अर्थ केलेल्या प्रत्येक डब्यावर करंट येतो. फ्रिजला कुणाचा हात नको.

प्रेषक: मस्कत

अजून दोन गोष्टी. महावितरणच्या बिलावर मंजूर भार बघा. जुन्या घरांना तो एक-दोन किलोवॅटच असतो. ३००० वॅटची केटल एकटीच त्याच्या पलीकडे जाते, ओव्हन सोबत लावला तर आणखीच. गणपतीत वाडीतल्या सगळ्यांच्या घरी चाकरमानी आलेले, सगळीकडे एकदम लोड, व्होल्टेज तसंही पडलेलं असतं. केटल आटोपून मग ओव्हन.

आणि समुद्राची हवा. वर्षभर बंद घरातल्या सॉकेटच्या आत पितळेवर हिरवट थर चढतो, मुंग्या घर करतात. मेन बंद करून वायरमनकडून पत्रा उघडून घ्या, साफ होत नसेल तर सॉकेटच बदला, स्वस्तात येतं. पहिल्या दिवशी केटल लागोपाठ दोनदा उकळवून टॉप काढून हाताने बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर सॉकेट गेलेलं आहे.

प्रेषक: न्यू जर्सी

कळलं. ब्लेंडर आणि मायक्रोवेव्ह रद्द, अडॅप्टर एकच, तोही चार्जरपुरता, पॉटला १५०० व्हीए. वायरमनला गणपतीच्या एक आठवडा आधी बोलावते, आरसीसीबी आणि खड्ड्यासाठी. दिरांना ओव्हन लावू नका म्हणून आजच फोन करते.