तुळशीच्या लग्नात धाकटीचंही लग्न लागलं. आता पुढे काय?

वाईकरीण:
जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझी धाकटी बहीण आणि तिची जोडीदारीण सहा वर्षं पुण्यात एकत्र राहतात. घरी २०१९ पासून माहीत आहे. बाबांनी चार-पाच महिने अबोला धरला, मग एका रविवारी त्यांच्या फ्लॅटचा गळका नळ बदलायला स्वतःच पान्हा घेऊन गेले आणि तो विषय तिथेच मिटला. आईचं मात्र तसं झालं नाही. 'तिची मैत्रीण' याच्यापुढे तिची जीभ रेटायची नाही.

यंदा तुळशीच्या लग्नाला दोघी वाईला आल्या. ऊस बांधला, बोरं-आवळे ठेवले, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला तोच जुना पंचा मी आणि ह्यांनी अंतरपाट म्हणून धरला. लग्न लागलं. पंच्याची घडी घालणार तेवढ्यात खुर्चीतून आजी (वय ८६) म्हणाली, "राहू दे तो तसाच. तुळशीचं दरवर्षी लावता, ह्या दोघींचं कधी लावणार? मी काय पुढच्या कार्तिकापर्यंत थांबते होय?" आम्ही हसलो. ती हसत नव्हती. "उभ्या राहा गं," म्हणाली.

बहीण घरातल्या कुर्त्यात, दुसरीचे हात रांगोळीने भरलेले. अक्षता संपल्या होत्या, म्हणून माझा मुलगा डब्यातून ओंजळभर कोरडा इंद्रायणी घेऊन आला. बाबांना मंगलाष्टकं पाठ ती तुळशीचीच, त्यामुळे मध्येच बाळकृष्ण आला. कुणी अडवलं नाही.

आई आत शिरा परतत होती. कढईत उलथन्याचा आवाज चालूच होता. दुसऱ्या मंगलाष्टकाला तो थांबला. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि उभी राहिली ती माझ्या बहिणीच्या नाही, दुसरीच्या मागे. "तिच्या बाजूने कुणी नको का?" एवढंच म्हणाली. (तिच्या नांदेडच्या घरी फक्त भावाला माहीत आहे, तो व्हिडिओ कॉलवर होता.)

मग आजीने उखाण्याशिवाय शिरा मिळणार नाही म्हणून सांगितलं. बहिणीने जागच्या जागी जुळवला: "तुळशीच्या मांडवाला उसाची मोळी, अमुकचं नाव घेते, वाढा पुरणपोळी." पुरणपोळी नव्हतीच.

आता प्रश्न. आजीच्या मते लग्न झालं. बाबांच्या मते कागद झाल्याशिवाय काही झालं नाही. नोंदणी होते का? नाही तर काय काय करून ठेवावं?

कागदोपत्री:
आधी अभिनंदन, आजींना नमस्कार.

नोंदणी होणार नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच जणांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला; फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. तेव्हा विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस वगैरे फंदात पडू नका. गुन्हा मात्र काही नाही, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भूत २०१८ मध्येच उतरलं. म्हणजे घरात जे लागलं ते खुशाल लागलं, फक्त सरकारदरबारी दोघी अविवाहित.

आता करण्यासारखं. संयुक्त खातं उघडा आणि एकमेकींना नॉमिनी करा. याला आडकाठी नाही असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. शाखेत कुणी नाक मुरडलं तर ते पत्रक छापून समोर ठेवा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे! रोज ऑफिसात हेच सांगून घसा बसतो. पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, हक्क वारसांचा राहतो. अविवाहित हिंदू बाईने मृत्युपत्र केलं नसेल तर वारस आईवडील. म्हणजे तुमच्या बहिणीचं सगळं तुमच्या आईबाबांकडे येईल, ते एक वेळ ठीक. पण दुसरीचं जाईल नांदेडला, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्याकडे.

म्हणून मृत्युपत्र, दोघींचं, वेगवेगळं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला मिळणार आहे त्याने सही करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण करा.

आणखी एक बारीक गोष्ट: आयकराच्या व्याख्येत त्या 'नातेवाईक' नाहीत. एकीने दुसरीला वर्षात ५० हजारांच्या वर भेट दिली तर घेणारीला कर लागतो. फ्लॅट घेणार असाल तर कुणाचे किती पैसे ते आधीच लिहून ठेवा.

मुक्काम नाशिक:
मी आणि माझा जोडीदार यातून गेलोय. त्याच्या हर्नियाच्या ऑपरेशनला संमतीपत्रावर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात मी 'मित्र' लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी पेन परत घेतलं. त्याची बहीण मालेगावहून दोन तासांनी आली, तिने सही केली, तोवर तो हिरवा गाऊन घालून कुडकुडत बसलेला. त्या दोन तासांत मी तीन चहा प्यायलो आणि तिन्ही वेळा कप तिथेच विसरलो.

तेव्हा ताई, दोघींच्या फाइलमध्ये तुमचा फोन नंबर ठेवा. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, सहीला माणूस लागतो.

स्पष्टवक्ता:
कौतुक वगैरे ठीक, पण शास्त्रात बसतं का हे? भटजी तरी होते का?

वाईकरीण:
@स्पष्टवक्ता, आमच्याकडे तुळशीच्या लग्नालाही भटजी नसतात, बाबाच असतात. तुमचा प्रश्न आजीला वाचून दाखवला. म्हणाली, "झाडाचं शाळिग्रामाशी लागतं ते बसतं, मग चालत्या-बोलत्या पोरींचं का नाही बसणार?" पुढचं तिच्याशीच बोला, दुपारी चारनंतर जागी असते.

@मुक्काम नाशिक, नंबर दिला. आईचाही दिला, तिने मागून घेतला.

@कागदोपत्री, खूप आभार. दोघी पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जातायत. पण इकडे नवीनच निघालंय. 'साध्या कागदावर चालतं' हे ऐकल्यापासून आजीने माझ्या मुलाच्या वहीचं पान फाडून घेतलंय. तिच्या पाटल्या तिला दुसरीला द्यायच्या आहेत. "हिला माझी बोरमाळ आहेच," म्हणाली. मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. नातसून लिहू की नातजावई? आजी म्हणते नातसून, बाबा म्हणतात दोन्ही चुकीचं.

कागदोपत्री:
नातं लिहूच नका. आधारवर आहे तसं पूर्ण नाव, पत्ता, आणि पाटल्यांचं वजन. आणि आजींचं वय बघता सहीच्या दिवशीच डॉक्टरांचा दाखला जोडा.

वाईकरीण:
वजन २८ ग्रॅम. पत्ता विचारायला फोन केला तर बाईसाहेब रडायलाच लागल्या, पिनकोड अजून मिळालेला नाही.