तिथी तीच, मग दिवस दोन का? ‘पंचांगवाल्यांचा घोळ’ या पोस्टला उत्तर

हिशेबी:
परवा इथे एकाने लिहिलं की महिन्याच्या तिथ्या तीस, दिवस तीस, रोज एक, यात मोजायचं काय आहे, पंचांगवाले मुद्दाम घोळ घालतात, सरकारने एकदा यादी काढून विषय संपवावा. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

रोज एक हे कुठून आणलंत? तिथी दिवसाची नसतेच. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपली, मग तेव्हा दुपारचे तीन असोत की पहाटेचे चार. चंद्राच्या भोगातून, म्हणजे राशिचक्रातल्या त्याच्या अंशांतून, सूर्याचा भोग वजा करा, १२ ने भागा. चंद्र २०० अंशांवर, सूर्य ५० वर, उरले १५०, भागाकार साडेबारा, म्हणजे बारा तिथ्या सरल्या आणि शुद्ध त्रयोदशी निम्मी झाली. वजाबाकी होत नसेल तर आधी ३६० मिळवा. आठवीतलं पोर करेल. अवघड आहे ते चंद्राचा भोग काढणं, कारण तो एका चालीने चालत नाही, पृथ्वीजवळ आला की दिवसाला १५ अंशांवर पळतो आणि लांब गेला की पावणेबारावर येतो. म्हणून एखादी तिथी २० तासांत उरकते, एखादी पावणेसत्तावीसपर्यंत ताणते. सरासरी २३ तास ३७ मिनिटं. लांबलेली तिथी दोन सूर्योदय बघते, ती वृद्धी. आखडलेली एकही बघत नाही, तो क्षय. यात पंचांगवाल्याने काय घोळ घातला?

सरळसोट:
ती पोस्ट माझी. गणित मान्य. पण २०२४ ला लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावर अख्खा देश भांडला त्याचं काय? आमचं कापडाचं दुकान आहे. बनारसच्या आमच्या माणसाने ३१ ला पूजा करून दुसऱ्या दिवशी फोन बंद ठेवला, आमची पूजा १ ला, मग पाडवा, माल अडकला तो अडकलाच. चंद्र एक, सूर्य एक, आणि दिवाळी दोन?

हिशेबी:
दृक् गणिताने, म्हणजे आकाशात दिसतं त्याच्याशी जुळणाऱ्या हिशेबाने, अमावास्या ३१ ला दुपारी ३:५२ ला लागली आणि १ ला संध्याकाळी ६:१६ ला संपली. भांडण त्या वेळेचं नव्हतंच, प्रदोषाचं, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या वेळेचं होतं. लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतर अमावास्या हवी. ३१ ला ती पूर्ण होती. १ ला मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळला, म्हणजे जेमतेम दहा मिनिटं शिवली. दोन्ही दिवस शिवली तर दुसरा दिवस घ्यायचा असं आपल्याकडच्या पंचांगांनी धरलं, ज्यांना भरघोस प्रदोष हवा होता त्यांनी ३१ धरला. गणपतीला मध्यान्ह बघतात, शिवरात्रीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. हे नियम आकाशात लिहिलेले नाहीत, माणसांनी ठरवलेत. पंढरपूरच्या बाबा पाध्यांनी १७९० च्या सुमारास धर्मसिंधू या ग्रंथात हेच सगळे निर्णय एकत्र केले. ते वाचा आणि मग भांडा.

सरळसोट:
‘वाचा आणि मग भांडा’ ही भाषा खटकली. नियम माणसांनी केले ना? मग माणसांनीच एक करावा, हेच तर मी म्हणत होतो.

जर्सीतली_मावशी:
एक कसा करणार भाऊ? आमच्याकडे न्यू जर्सीत तीच अमावास्या ३१ ला सकाळी ६:२२ ला लागून १ ला सकाळी पावणेनऊला संपली. १ च्या संध्याकाळी इथे अमावास्याच नव्हती. पण स्वयंपाकघरात टांगलेलं कॅलेंडर पुण्याहून आलेलं, त्यात लक्ष्मीपूजन १ ला, आणि आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायकांनी प्रतिपदेला पूजा केली. मी सांगत होते तर म्हणे तू फार शहाणी. तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच असतो, घड्याळं वेगळी असतात, एवढंच मी सांगत होते.

वैदर्भी:
न्यू जर्सी राहू द्या, नागपूरचं बोला. संकष्टीला सगळे मुंबईचा चंद्रोदय धरून बसतात. आमच्याकडे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. लहानपणी आम्ही गच्चीवर चंद्र डोळ्यांनी बघत असायचो आणि आजी म्हणायची थांबा, छापलेली वेळ व्हायची आहे. पोटात कावळे.

रत्नांग्री:
तुम्ही सगळे एकाच गणिताचे गुलाम. आमच्या घरी टिळक पंचांग. त्याच्या तिथ्याच वेगळ्या, म्हणून तर आमचा गणपती कधी कधी महिनाभर आधी येतो.

हिशेबी:
साफ चूक. टिळक पंचांगाची तिथी वेगळी नसते. ते राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून धरतात, बाकीचे चित्रा ताऱ्यावरून, दोघांत सुमारे ४ अंशांचा फरक. पण तो फरक चंद्राला आणि सूर्याला सारखाच लागतो, वजाबाकी केली की उडून जातो. वेगळी होते ती संक्रांत, तुमच्याकडे १० जानेवारीच्या आसपास, आणि संक्रांत सरकली की काही वर्षी अधिक महिना दुसरीकडे जाऊन पडतो. चतुर्थी तीच असते, भाद्रपद वेगळा.

रत्नांग्री:
बरं. तिथीचा शब्द मागे घेतो. पण आजोबा ग्रहलाघवावरून पाटीवर तिथी काढायचे, त्यांना अ‍ॅप लागलं नाही. आमच्याच कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली तो ग्रंथ रचला, ज्या-कोटिज्यांची (साइन-कोसाइनची) भानगड टाळून, अकरा वर्षांचं चक्र धरून. हे शाळेत का शिकवत नाहीत?

हिशेबी:
ग्रंथ थोरच, पाटीवर पंचांग आणणं सोपं नव्हतं. पण चंद्राला जेवढे संस्कार, म्हणजे दुरुस्त्या, लागतात तेवढे त्यात नाहीत. जुन्या गणिताने तिथी ५४ ते ६५ घटिकांची (घटिका म्हणजे २४ मिनिटं), बाणवृद्धी रसक्षय म्हणतात ती, साठावर बाण म्हणजे पाच वाढ, रस म्हणजे सहा घट. आकाशात ती ५० ते ६७ पर्यंत जाते. केरोपंत छत्र्यांनी १८६५ ला आकाशाशी जुळणारं पटवर्धनी पंचांग काढलं ते याचसाठी.

धाकटी:
माझा प्रश्न वेगळा आहे, कुणी रागवू नका. बाबा गेले रात्री पावणेदोनला, तारीख १३. दादाने कॅलेंडरात १३ चा चौकोन बघितला, दशमी. अकरा वर्षं दशमीला श्राद्ध. या वर्षी जुनं पंचांग हाती लागलं, त्यात १२ तारखेपुढे नवमी २८:१० असं छापलंय. म्हणजे किती वाजता?

हिशेबी:
म्हणजे १३ ला पहाटे ४ वाजून १० मिनिटं. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून रात्री बारानंतर २४ च्या पुढे मोजतात. कॅलेंडरात तेच ‘उत्तररात्री’ असं येतं. चौकोनात असते ती सूर्योदयाची तिथी. पावणेदोनला नवमी चालू होती. बाबांची तिथी नवमी.

मुंबईचा:
तारीख आहे ना १३? मग १३ ला फोटोला हार घाला. कुठल्या घटिका न पळं घेऊन बसलात. माझ्या वडिलांचं मी तारखेनेच करतो, काही बिघडलं नाही.

धाकटी:
तुमचं तुम्ही करा. आई त्या रात्री बाबांच्या उशाशी होती, तिने तेव्हाच सांगितलं होतं की नवमी आहे. दादा म्हणाला छापलेलं खोटं असतं का. ती गप्प बसली आणि अकरा वर्षं नवमीला एकटीच उपास करत आली, दशमीला आमच्याबरोबर पान वाढत आली. तुम्हाला त्या घटिका वाटतात, मला माझी आई दिसते.

मुंबईचा:
हे माहीत नव्हतं. दुखवलं असेल तर सॉरी. तरी तारखेचं मत सोडत नाही.

वैदर्भी:
आमच्या गुरुजींनीही सासऱ्यांचं असंच चौकोन बघून सांगितलं होतं, वेळ विचारलीच नाही. वेळ विचारायला काय पैसे पडतात?

हिशेबी:
धाकटी, एक लक्षात ठेवा. दरवर्षी नवमी सूर्योदयाला आहे का हे बघू नका, अपराह्णाला आहे का ते बघा. दिवसाचे पाच भाग केले तर चौथा, साधारण सव्वा ते पावणेचार. कधी कधी ती चौकोनात अष्टमी छापलेल्या दिवशी पडेल, तेव्हा दादा परत म्हणेल छापलेलं खोटं का.

धाकटी:
दादाला पंचांगाचा फोटो पाठवलाय. निळी खूण आलीय, उत्तर नाही.

सरळसोट:
पोस्टमधला ‘घोळ’ शब्द काढला. यादीची मागणी ठेवतोय, निदान चौकोनाखाली ‘सूर्योदयाची तिथी’ एवढं तरी मोठ्या अक्षरात छापा. आणि रत्नांग्री, गणपती महिनाभर आधी आला तर रजा कशी मिळते हो?

रत्नांग्री:
मिळत नाही. रात्रीच्या गाडीने जातो, दीड दिवसाचा बसवतो, विसर्जन करून तसाच परत.