एकाच पॅनमध्ये होणारा पास्ता: पाणी किती, भाज्या कधी?

सांजवेळ
घरी पोचायला साडेसात होतात आणि मुलं (वय 6 आणि 9) साडेआठच्या पुढे जेवायला थांबत नाहीत. पास्ता दोघांनाही आवडतो. पण एका पातेल्यात पास्ता, दुसऱ्यात भाज्या, तिसऱ्यात सॉस असं केलं की जेवणापेक्षा घासाघाशीलाच जास्त वेळ जातो. म्हणून सगळं एकाच पॅनमध्ये शिजवायचा प्रयत्न दोनदा केला. पहिल्यांदा भरपूर पाणी घालून झाकण ठेवलं, तर लगदा झाला. दुसऱ्यांदा मोठ्या आचेवर उघडंच ठेवलं, तर बुडाला लागला आणि आतून कच्चाच राहिला.

भाज्या भरपूर हव्यात, क्रीम नको, आणि पोटभरीचं काहीतरी प्रथिनांचं त्यातच असावं. चार जणांसाठी नेमकं माप सांगाल का? आणि पास्ता म्हणजे मैदाच ना? रोजच्या जेवणात तो द्यावा की नाही, हेही मनात आहे.

रानपाखरू
माझं माप सांगते: 100 ग्रॅम कोरड्या पास्त्याला 300 मिली पाणी. तुम्हा चौघांना 300 ग्रॅम पास्ता आणि 900 मिली पाणी लागेल. पाणी उकळतं घ्या, दहा मिनिटं तिथेच वाचतात. आणखी एक कप गरम पाणी बाजूला असू द्या.

निगुती
सांजवेळ, तुमच्या दोन्ही चुका एकाच गोष्टीतून आल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. नेहमीच्या पद्धतीत पास्ता शिजला की पाणी ओतून देतो, त्यामुळे ते किती घेतलं याने बिघडत नाही. इथे ते पाणी कुठेच जात नाही. काही पास्ता पितो, काही वाफ होऊन उडतं, आणि उरलेल्यात पास्त्याचा स्टार्च उतरून तोच सॉस होतो. पहिल्या वेळी पाणी जास्त होतं आणि झाकणामुळे उडालं नाही. दुसऱ्या वेळी मोठ्या आचेने ते पास्ता शिजायच्या आतच संपलं.

मी असं करते. पसरट, जाड बुडाचा, 28-30 सेंटिमीटरचा खोल पॅन. एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल, त्यात कांदा आणि कापलेला लसूण मंद आचेवर. लसूण तांबूस व्हायच्या आत चार टोमॅटो बारीक चिरून घालायचे, कारण करपला की अख्ख्या पॅनला कडवटपणा येतो. टोमॅटो मऊ पडले की पास्ता, उकळतं पाणी आणि मीठ. मीठ सपाट एक छोटा चमचाच. एरवी पास्त्याच्या पाण्यात लिटरला 10 ग्रॅमपर्यंत मीठ घालतात, पण त्यातलं बरंचसं ओतलेल्या पाण्याबरोबर जातं. इथे घातलेलं सगळं पोटात जाणार आहे. मोठ्यांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा हात आखडताच बरा.

पहिली तीन मिनिटं पॅनपाशी उभं राहा. पास्ता एकमेकांना आणि बुडाला चिकटतो तो याच वेळात. त्यानंतर दर दीड-दोन मिनिटांनी तळापासून ढवळलं की पुरतं. आच मध्यम, झाकण नाही. पाकिटावर 10 मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला एक तुकडा दातांनी तोडून बघा. मधोमध पांढरा ठिपका टिकलीएवढा असेल तर अजून वेळ आहे, टाचणीच्या टोकाएवढा उरला असेल तर गॅस बंद करायची वेळ आली.

शेवटची दोन मिनिटं माझ्या सगळ्यात आवडीची. चमचा तळावरून ओढला की वाट पडते आणि ती सावकाश भरून येते, तेव्हा सॉस जमला. वाट लगेच बुजली तर पाणी जास्त आहे, उघडीच राहिली तर बाजूचं गरम पाणी दोन-तीन चमचे घाला. गॅस बंद करून चमचाभर ऑलिव्ह तेल घाला आणि जोरात फेटल्यासारखं ढवळा. स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं, सॉसला चकाकी येते आणि क्रीमची आठवणही होत नाही. चीज घालायचं तर तेही गॅस बंद केल्यावर, उकळत्या सॉसमध्ये त्याच्या गुठळ्या होतात. आणि किंचित पातळ असतानाच थांबा, ताटात येईपर्यंत पास्ता पाणी ओढतच राहतो.

धान्यफराळ
मैद्याबद्दल: चांगला सुका पास्ता बहुधा ड्युरम या कडक दाण्याच्या गव्हाच्या रव्याचा असतो. काही पाकिटांत मैदाही असतो, म्हणून घटकांची यादी वाचून घ्या. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात साधारण 12-13 ग्रॅम प्रथिनं असतात. त्यात दीड वाटी शिजवलेले काबुली चणे घातले की चौघांचं पोट भरतं, आणि मुलांना ते सहज चावता येतात.

अख्ख्या गव्हाचा पास्ता घेतलात तर फायबर जास्त मिळतं, पण पाणी अर्धा-पाऊण कप वाढवा आणि वेळही थोडा जास्त धरा. मसूर-चण्याच्या पिठाचा पास्ता मात्र या पद्धतीत घालू नका. त्याला फेस येतो आणि तो पटकन फुटतो. तो वेगळाच उकडलेला बरा.

पानगळ
मी तर सगळ्या भाज्या पास्त्याबरोबर एकदमच टाकतो. छान होतं.

निगुती
पानगळ, गाजर, फरसबी असेल तर जमतं. पण पालक दहा मिनिटं उकळला की काळपट होतो आणि चवीला काही उरत नाही. गाजर पास्त्याबरोबर, ब्रोकोली आणि ढोबळी मिरची शेवटची चार-पाच मिनिटं, मटार तीन मिनिटं, पालक गॅस बंद करायच्या आधी अर्धा मिनिट. मशरूम मात्र सुरुवातीला कांद्याबरोबर परता, त्यांचं पाणी आटून कडा तांबूस झाल्या की सॉसला खरी खोली येते.

रानपाखरू
पेने (नळीचा) किंवा फुसिली (पिळाचा) पास्ता घ्या, ढवळायला सोपा. स्पॅगेटी करायची तर ती आडवी मावेल एवढा पॅन हवा. आणि उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. गरम करताना थोडं पाणी घालावं लागतं.

सांजवेळ
काल केला! फुसिली 300 ग्रॅम, गाजर, चणे, मटार, शेवटी दोन मूठ पालक. पाणी 900 मिली पुरलं, वर तीन चमचे लागले. पावणेआठला कांदा चिरायला घेतला, सव्वाआठला ताटं वाढली. चमच्याची वाट धाकटीला दाखवली, तर तीच पुन्हा पुन्हा ओढून बघत होती. पालक तिने बाजूला काढला नाही, हे मला फार महत्त्वाचं. लसूण किंचित जास्त तांबूस झाला, पुढच्या वेळी टोमॅटो आधी चिरून हाताशी ठेवेन.

निगुती, मशरूम घालायचे झाले तर 300 ग्रॅमला किती घेऊ?

निगुती
200 ग्रॅम. परतल्यावर निम्मे होतात, तेव्हा जास्त वाटले तरी घाला. आणि मीठ ते तांबूस झाल्यावरच, आधी घातलं तर पाणी सुटून उकडले जातात.