‘नोकरी हवी असेल तर येईलच की’, म्हणे!

नांदेडकर: काल पुण्यातल्या एका आयटी कंपनीच्या टीम लीड साहेबांनी इथं लिहिलं की ऑनलाइन मुलाखतीत पोरं शेजारी चॅटजीपीटी उघडून बसतात, म्हणून आता टेक्निकल राउंड ऑफिसातच. ‘नोकरी हवी असेल तर येईलच की.’ साहेब, नांदेड म्हणजे पुण्यातलं वाकड नव्हे. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग आंबवायचं, संगमवाडीला उतरून तोंड धुवायचं, इस्त्रीचा शर्ट चढवायचा. मी गेलो तर मुलाखत घेणाऱ्या पॅनेलचा पत्ताच नाही. एका खोलीत बसवलं, लॅपटॉप लावला, आणि बंगळुरूच्या माणसानं व्हिडिओवरच लिंक्ड लिस्ट उलटी करायचा तोच कोडिंगचा प्रश्न घातला! हे मी घरी बसून केलं नसतं का?

मीच_पॅनेल: मी मुलाखती घेते. प्रश्न विचारला की शांतता, डोळे डावीकडं, मग छापील उत्तर. एकाचे तर ओठ एक बोलत होते, आवाज दुसराच. गूगलनंही २०२५ मध्ये निदान एक राउंड समोरासमोर परत आणला. वर बायोडेटात क्लासवाल्यांनी चिकटवलेला खोटा ‘दोन वर्षांचा अनुभव’ आहेच. आम्ही काय ओळखायचं?

नांदेडकर: म्हणजे आम्ही सगळे चोर?

मीच_पॅनेल: असं म्हटलं का मी?

वाळूजवाला: मुळात पुण्याला जायचंच कामून? संभाजीनगरात चिकलठाण्याला एसटीपीआयचं, म्हणजे सरकारी सॉफ्टवेअर पार्कचं, केंद्र आहे. जवळच्या बिडकीनसाठी टोयोटानं २०२४ मध्ये २०,००० कोटींचा करार केला. गाड्यावाले येतात, मग आयटीवाल्यांनाच काय झालं? पाऊस पडला की तुंबणारं हिंजवडी चालतं त्यांना!

जुना_जावावाला: करार म्हणजे कारखाना नव्हे, भाऊ. आणि संभाजीनगरला आधी रोज नळाला पाणी आणा. धरण उशाला, कोरड घशाला.

वाळूजवाला: पाण्याचं बोलू नका. तुम्हीच लोक जालना-बीड सोडून पुण्यात फ्लॅट घेता आणि तिथून आम्हाला शिकवता. एकानं तरी इकडं शाखा काढा म्हणून मालकाला सांगितलं का?

जुना_जावावाला: सांगितलं होतं. सीनियर पोरं मिळतील का, हा पहिला प्रश्न आला. कुठून मिळणार? दोन वर्षं झाली की सगळे पुण्याला पळतात. मीही पळालोच.

वाळूजवाला: शाखा नाही म्हणून पळतात हो!

मीच_पॅनेल: मी बीडचीच आहे, फ्लॅटही आहे, हप्ते तुम्ही भरा. राहिलं मूळ भांडण. पॅनेल बंगळुरूला आणि उमेदवाराला पुण्याला बोलवायचं, हा मूर्खपणा आहे, मान्य. पुढचा भरतीचा ड्राइव्ह संभाजीनगरला घेते. पाण्याचं वाळूजवाल्यांनी बघावं.

नांदेडकर: अहो बाई, संभाजीनगर तरी आम्हाला कुठं जवळ आहे? आणि गाडीभाडं कंपनी देणार का, यावर कुणी बोललंच नाही.