पॅरामीटर आला की सिलेक्टर सोडायचा?

हट्टी_रिड्यूसर (धागाकर्ता): रीडक्समध्ये स्टोअर म्हणजे अ‍ॅपचा सगळा डेटा (स्टेट) ठेवायची जागा आणि सिलेक्टर म्हणजे त्यातून हवं ते काढून देणारं फंक्शन. काल इथे एकाने ठोकून दिलं: "आयडी द्यायची वेळ आली की सिलेक्टर विसरा, यूजसिलेक्टरमध्येच फिल्टर मारा." आणि त्यावर टाळ्याही पडल्या! अहो, फिल्टर दरवेळी नवा अ‍ॅरे देतो. यूजसिलेक्टर, म्हणजे कॉम्पोनंटला (स्क्रीनच्या तुकड्याला) स्टोअरशी जोडणारा हुक, फक्त रेफरन्स बघतो: वस्तू तीच की नवी, आत काय आहे ते नाही. स्टोअरच्या कुठल्याही कोपऱ्यात काही बदललं की तो कॉम्पोनंट पुन्हा रेंडर.

खरी गोची जोडणीत आहे. रीसिलेक्ट लायब्ररीचा क्रिएटसिलेक्टर छोटे इनपुट सिलेक्टर जोडून मोठा बनवतो आणि निकाल कॅशमध्ये लक्षात ठेवतो. तो मिळालेली सगळी आर्ग्युमेंट्स जशीच्या तशी प्रत्येक इनपुट सिलेक्टरला देतो. एकाला (स्टेट, ग्राहकआयडी) हवं, दुसऱ्याला (स्टेट, तारीख). मग दुसरा ग्राहकआयडीलाच तारीख समजतो आणि मुकाट रिकामी यादी देतो. एरर नाही, काही नाही. मधे एका ओळीचा फंक्शन लिहून योग्य आर्ग्युमेंट पुढे सरकवा, झालं.

फिल्टरवाला: ती पोस्ट माझीच, नाव घ्यायला लाजू नका. तुमची कॅश एका जागेची, शेवटचा एकच निकाल ठेवणारी. यादीत शंभर ओळी, प्रत्येकीचा आयडी वेगळा, एकमेकींची कॅश पुसत बसतात. मग प्रत्येक ओळीला वेगळा सिलेक्टर बनवून देणारी फॅक्टरी करा, ती यूजमेमोत (रेंडर झालं तरी आधीचा निकाल जपणारा हुक) गुंडाळा. आमच्या एका प्रोजेक्टात 'मेकमेकसिलेक्टऑर्डर' नावाचं फंक्शन होतं. हसू नका, मी ते सांभाळलंय.

नल_की_अनडिफाइन्ड: हे रडगाणं जुनं झालं. डिसेंबर २०२३ मध्ये रीसिलेक्ट ५ आलं, तेव्हापासून डिफॉल्टच वीकमॅपमेमोआइज आहे, म्हणजे प्रत्येक वेगळ्या आर्ग्युमेंटचा निकाल वेगळा जपणारी कॅश. चेंजलॉग वाचत जा जरा.

फिल्टरवाला: म्हणजे कॅश कधी रिकामीच होत नाही. छान! मेमरी तुमच्या खिशातून का?

हट्टी_रिड्यूसर: ऑब्जेक्ट वीकमॅपमध्ये (ऑब्जेक्ट इतर कुणी धरून नसेल तर नोंद आपोआप सोडणारा मॅप) जातात, जुना स्टेट सुटला की त्याखालचं सगळं सुटतं. स्ट्रिंग आणि नंबर मात्र साध्या मॅपमध्ये. म्हणून इनपुटमध्ये यादी आधी, आयडी नंतर. उलटं केलंत तर प्रत्येक आयडीची नोंद मुळाशीच साचत जाते.

क्वेरीभक्त: पण मुळात सर्व्हरचा डेटा स्टोअरमध्ये ठेवताच कशाला? सर्व्हरचा डेटा आणून स्वतःच कॅश करणारी क्वेरी लायब्ररी वापरा, निम्मे सिलेक्टर गायब.

नल_की_अनडिफाइन्ड: आले! विषय कुठलाही असो, हे येणारच.

क्वेरीभक्त: का येऊ नये? लोडिंग, एरर, डेटा यांचे हातानं लिहिलेले रिड्यूसर (स्टेट बदलणारी फंक्शन्स) पाहून डोळे फुटले आमचे.

हट्टी_रिड्यूसर: आणि दोन क्वेरींचा डेटा एकत्र करून तिसरं काही काढायचं असेल तर? तिथे कॉम्पोनंटात फिल्टर, मॅप, रिड्यूस, वर यूजमेमो. म्हणजे सिलेक्टरच लिहिलात, फक्त टेस्ट करता येणार नाही असा!

क्वेरीभक्त: कस्टम हुक करतो आम्ही. टेस्टही करतो. तुमच्या टीमने केलं नाही, तो तुमचा प्रश्न.

हट्टी_रिड्यूसर: माझ्या टीमवर जाऊ नका.

फिल्टरवाला: तुमचं चालू द्या. मी ते यादी आधी, आयडी नंतर करून बघितलं. फॅक्टऱ्या उडवता आल्या, एवढं मानतो. पण दहा ओळींच्या यादीला मी फिल्टरच मारणार, काय करायचं ते करा.

नल_की_अनडिफाइन्ड: मारा. डेव्ह मोडमध्ये दरवेळच्या नव्या रेफरन्सबद्दल येणाऱ्या वॉर्निंग्ज वाचायला तेवढा वेळ ठेवा.